कधी मऊ, कधी दणका : जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी गाडी सोळा वर्षांची असून तिला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. आजवर १ लाख ७० हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या चार महिन्यांपासून दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना, आणि क्वचित पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, मागून कोणी गाडी आदळावी तसा दणका बसतो. पण रोज नाही. चार-चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालते आणि पाचव्या दिवशी अर्धा तास छळते. झटके सुरू झाले की गाडी बाजूला घेऊन बंद करतो. पुन्हा सुरू केली की बहुधा ते थांबलेले असतात. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल असे सांगितले, दुसऱ्याने ऑइल बदलून पाहू म्हटले, आणि तिसऱ्याकडे गाडी दोन दिवस ठेवूनही त्यांच्यासमोर झटका आलाच नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहून गेला आहात. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की झटके थांबतात. झिजलेल्या क्लच प्लेटला किल्ली फिरवल्याचे कळत नाही. ते कळते गिअरबॉक्सच्या संगणकाला. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या एका खुणेवर सारी भिस्त ठेवण्याआधी तिची खातरजमा करून घ्यावी. गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवली, तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्समधला दाब उतरतो, अडकलेला एखादा व्हॉल्व्ह मोकळा होऊ शकतो, तापलेली वायर वा कॉइल थोडी निवते, आणि दोष कोणताही असला तरी तो किल्लीने बरा झाल्याचा भास होतो. म्हणून पुढच्या वेळी झटके सुरू झाले की गाडी सुरक्षित जागी थांबवून ‘पी’मध्ये (पार्कमध्ये) टाकावी, किल्ली पूर्ण बंद करून दहा सेकंद थांबावे आणि लगेच पुन्हा निघावे. एवढ्यानेच झटके गेले, तर संशय विजेच्या बाजूला, म्हणजे वायरिंग, कनेक्टर, सेन्सर, सोलेनॉइड (विजेने ऑइलची वाट उघडणारी-मिटणारी झडप) किंवा खुद्द संगणक यांच्याकडे वळतो. लगेच निघाल्यावर झटके तसेच राहिले आणि बराच वेळ थांबल्यावरच गेले, तर उष्णतेने बिघडणारा भाग किंवा अडकणारा व्हॉल्व्ह शोधावा लागेल.

किल्लीशी झटक्याचा संबंध कसा, हे समजण्यासाठी आत काय घडते ते थोडक्यात पाहू. गिअर बदलताना क्लच प्लेटांचा एक संच सुटतो आणि दुसरा आवळला जातो, आणि हे आवळणे ऑइलच्या दाबाने होते. पंपाने तयार केलेला हा मुख्य दाब, ज्याला गॅरेजमध्ये लाइन प्रेशर म्हणतात, अॅक्सिलरेटरवरचा पाय, गाडीचा वेग आणि ऑइलचे तापमान पाहून संगणक एका सोलेनॉइडच्या मार्फत कमी-जास्त करत असतो. हलक्या पायाने चालवताना दाब कमी असतो, जोर लावला की वाढतो. गिअर बदलण्याच्या क्षणी तो नेमका साधला जातो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच वेळी इंजिनाचे इग्निशनही निमिषभर मागे घेऊन जोर कमी केला जातो, म्हणून प्लेटा साधारण अर्ध्या सेकंदात, आपल्याला जाणवू न देता पकड घेतात.

आता यातली मेख अशी, की बहुतेक रचनांत या दाब-नियंत्रक सोलेनॉइडचा वीजपुरवठा तुटला तर दाब शून्यावर जात नाही, तो कमाल होतो. रचनाकारांनी हे जाणूनबुजून केले आहे, कारण दाब अपुरा पडला तर प्लेटा घसरून जळतील, आणि दाब जास्त झाला तर फक्त आत बसलेला माणूस हादरेल. एखादी वायर क्षणभर सुटणे आणि आपल्या पाठीला दणका बसणे, यांच्यातला धागा हा आहे. शिवाय पुष्कळ संगणक अशी गडबड एकदा दिसली की किल्ली बंद होईपर्यंत दाब वाढवलेलाच ठेवतात, आणि पुढच्या वेळी सुरू केल्यावर सारे ठीक दिसले तर नेहमीच्या वागण्यावर येतात. आपल्या गाडीची लक्षणे याच्याशी चांगली जुळतात.

तरीही आपला दणका नेमक्या याच जातीचा आहे का, ते आरपीएमच्या काट्याकडे पाहून ठरवावे, आणि त्यासाठी शेजारी दुसरे कोणी बसलेले बरे, कारण चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहावे. गिअर बदलताना काटा सरळ खाली येत असेल आणि त्याच क्षणी दणका बसत असेल, तर दाब जास्त आहे. काटा आधी दोन-तीनशेने वर उसळत असेल आणि मग खाली आपटत दणका बसत असेल, तर प्लेटा आधी घसरत आहेत आणि नंतर एकदम पकडत आहेत. हे दुसरे लक्षण कमी ऑइल, झिजलेले सील किंवा जळत आलेल्या प्लेटा यांचे असते. बाहेरून दोन्ही झटके सारखेच वाटतात, आणि पुष्कळ गाड्यांवर चुकीचा उपचार होतो तो हा फरक न पाहिल्यामुळे.

यापुढचे काम वहीचे आहे. दोन आठवडे गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक झटक्याची नोंद करावी : गाडी सुरू करून किती मिनिटे झाली होती, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जात होती, पाय हलका होता की दाबलेला, रस्ता खडबडीत होता का, पाऊस होता का, दिवे, एसी आणि मागच्या काचेचा हीटर चालू होते का. तिसऱ्या गॅरेजमध्ये दोन दिवसांत झटका आला नाही, याचा दोष त्यांना देता येणार नाही. कधी येतो हे माहीत नसलेल्या पाहुण्याची वाट कोणी किती पाहावी? नोंदींतून दिशा मिळते. झटके खड्ड्यांनंतर येत असतील तर हलणारी वायर किंवा ढिला कनेक्टर. पावसात येत असतील तर ओलावा. बरेच दिवे एकदम लावल्यावर येत असतील तर बॅटरी, अल्टरनेटर किंवा अर्थिंग. आणि फक्त थंड असताना, पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत येत असतील तर घट्ट ऑइल किंवा चिकटणारा व्हॉल्व्ह. फक्त तापल्यावर येत असतील, तर सोलेनॉइडची कॉइल किंवा संगणकाच्या सर्किटच्या पाटीवरचा तडकलेला सोल्डरचा जोडही संशयित ठरतो. थंड असताना तो जोड टेकलेला राहतो, आणि तापून पसरला की सुटतो.

ऑइलची पातळी पाहणे हे सर्वांत सोपे काम आहे, आणि तेच बहुधा चुकीच्या पद्धतीने होते. बहुतेक गाड्यांत ती गाडी पुरेशी चालवून, ऑइल तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, गिअर एकदा सर्व जागांतून फिरवून ‘पी’मध्ये पाहतात. पण काही उत्पादकांच्या गाड्यांत ती न्यूट्रलमध्ये, तर काहींत इंजिन बंद केल्यावर मिनिटभराच्या आत पाहायची असते, आणि डिपस्टिकच नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ऑइल ठरावीक तापमानावर, बहुधा ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, खालच्या बुचातून. म्हणून आपल्या गाडीचे मॅन्युअल उघडूनच हे करावे. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब धरता येत नाही, त्यामुळे “थोडे जास्तच घालू” हा उदारपणा येथे नडतो. ऑइल पांढऱ्या कागदावर घेऊन पाहावे. तांबूस किंवा फिकट तपकिरी चालेल. काळपट आणि जळकट वासाचे असेल तर प्लेटा जळत आहेत. आणि गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरले आहे, तेव्हा गाडी तेथेच थांबवावी.

ऑइल ठीक निघाले, तर विजेकडे वळावे. एक अनुभव सांगतो. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत नेमका असाच, येऊन-जाऊन राहणारा झटका होता, आणि मी त्या काळातल्या उतावळेपणाने आधी एक सेन्सर, मग दुसरा, मग सोलेनॉइडांचा सगळा संच बदलला. झटका तसाच. शेवटी एका दुपारी गिअरबॉक्सच्या कुशीतला मोठा कनेक्टर सोडवला, तेव्हा त्याच्या आतल्या रबरी सीलवर लालसर ऑइलचा पातळ थर दिसला आणि एका पिनेवर हिरवट गंज. पिन जागेवर होती, तिला वायर होती, मल्टिमीटरवर रोध अगदी बरोबर येत होता. पण कनेक्टर जोडून, इंजिन चालू ठेवून, वायरींचा जुडगा दोन बोटांत धरून हलवला, तसा स्कॅनरच्या (संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरचा आलेख कोसळला आणि परत वर आला. पिन साफ करून, तिच्या समोरची ढिली पडलेली पकड बारीक पक्कडीने आवळून, नवे सील घातले. त्यानंतर तो झटका पुन्हा आला नाही, आणि काढलेले जुने सोलेनॉइड अजून एका डब्यात, निर्दोष, पडून आहेत.

म्हणून आपल्या मेकॅनिकला आधी या क्रमाने पाहायला सांगावे. बॅटरीची टर्मिनले आणि इंजिन-गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी स्वच्छ व घट्ट आहेत का. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून गिअरबॉक्सच्या कवचापर्यंत व्होल्टेजचा फरक ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक तर येत नाही ना. अल्टरनेटरचा डायोड खराब होऊन प्रत्यावर्ती (एसी) विजेच्या लहरी तर येत नाहीत ना, कारण वेग मोजणारे सेन्सर स्वतःच बारीक लहरींवर चालतात आणि त्यांत ही भेसळ झाली की संगणक गोंधळतो. त्यानंतर गिअरबॉक्सचे कनेक्टर उघडून पाहावेत आणि जुडगे हलवून पाहावेत. सोलेनॉइडचा रोध मोजताना तो गरम असतानाही मोजावा. तांब्याच्या कॉइलचा रोध २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापताना साधारण ३० टक्क्यांनी वाढतोच, तेवढी वाढ म्हणजे दोष नव्हे. पण वाचन एकदम अनंतावर जात असेल तर कॉइल आतून तुटते आहे.

दिवा लागत नाही म्हणून संगणकात दोषाचा कोड (सांकेतिक क्रमांक) नाही, असे समजू नये. संगणक काही दोष पहिल्या वेळी फक्त टिपून ठेवतो आणि पुन्हा दिसले तरच दिवा लावतो. शिवाय स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. पी०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे सांगण्यासारखे काही आहे. ते काय, हे त्या संगणकापर्यंत पोहोचणाऱ्या स्कॅनरनेच कळते. पी०७१५ व पी०७२० हे आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरांकडे, पी०७१० ऑइलच्या तापमानाकडे आणि पी०७४५ दाब-नियंत्रक सोलेनॉइडकडे बोट दाखवतात. बोट दाखवतात, एवढेच. सेन्सरचा कोड येतो तेव्हा पुष्कळदा सेन्सर चांगला असतो आणि त्याची वायर खराब.

कोडपेक्षाही उपयोगी पडते ती चालत्या गाडीची नोंद. स्कॅनर लावून, आपल्या वहीत लिहिलेल्या परिस्थितीत गाडी चालवावी आणि संगणकाने मागितलेला दाब, थ्रॉटलची स्थिती, ऑइलचे तापमान, दोन्ही वेग आणि बॅटरीचे व्होल्टेज एकत्र नोंदवून घ्यावेत. शक्य असेल तर गिअरबॉक्सच्या चाचणी-छिद्राला दाबमापक जोडून त्याची नळी सुरक्षितपणे आत घ्यावी, म्हणजे प्रत्यक्ष दाबही दिसतो. झटक्याच्या क्षणी आपल्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे : हा वाढीव दाब संगणकाने मागितला होता का?

मागितला असेल, तर गिअरबॉक्स निरपराध आहे आणि संगणकाला कोणी खोटी बातमी दिली ते शोधायचे. पाय स्थिर असताना थ्रॉटलचा आकडा १५ टक्क्यांवरून ६० वर उडी मारत असेल, तर थ्रॉटल सेन्सरची आतली पट्टी झिजली आहे. त्याचे व्होल्टेज मिटल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, मध्ये कोठेही न अडखळता, चढले पाहिजे. गरम गाडीत ऑइलचे तापमान क्षणभर उणे ४० अंश दिसले, तर तापमानाच्या सेन्सरची वायर सुटते आहे, कारण तुटलेले सर्किट बहुतेक संगणकांना असेच कडाक्याच्या थंडीसारखे दिसते. मागितला नसेल आणि तरीही मापकावर दाब चढला असेल, तर सोलेनॉइड, त्याची वायर किंवा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह दोषी आहे. आणि मागितलेला व मिळालेला दाब दोन्ही योग्य असूनही दणका बसत असेल, तर अॅक्युम्युलेटरची (गिअर पडताना दाबाचा धक्का झेलणाऱ्या भागाची) स्प्रिंग वा पिस्टन, इग्निशन मागे न घेतले जाणे, किंवा गिअरबॉक्सच्या बाहेरचे, म्हणजे इंजिनाचे फाटलेले माउंटिंग आणि ढिले जॉइंट, पाहावेत. फाटलेले माउंटिंग साध्या गिअर-बदलालाही दणक्याचा आवाज देते, आणि ते तपासायला पाच मिनिटे पुरतात.

एवढे करूनही आत जावेच लागले, तर आधी फक्त खालचा पॅन उतरवावा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ असणे हे या वयात स्वाभाविक आहे. धातूचे चमकणारे तुकडे किंवा प्लेटांच्या अस्तराचे काळे कपचे दिसले, तर मात्र पहिल्या गॅरेजचे म्हणणे खरे. अनेक गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी (ज्यात व्हॉल्व्ह बसवलेले असतात तो ठोकळा) पॅनच्या बाजूनेच निघतात, त्यासाठी गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचे ऑइल १ लाख ९० हजार किलोमीटरमध्ये कधीच बदललेले नाही. अलीकडे थंड असताना गिअर कधी कधी झटक्याने पडतात. मेकॅनिक मशीन लावून फ्लश करू म्हणतो. मित्र म्हणतात, इतक्या जुन्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलले की तो बसतो. खरे काय?

उत्तर : मित्रांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, पण कारण उलटे आहे. बहुतेक वेळा ऑइल बदलले जाते तेच गिअरबॉक्स घसरू लागल्यावर, आणि प्लेटा आधीच जळालेल्या असल्याने तो थोड्या दिवसांत बसतो; दोष नव्या ऑइलच्या माथी येतो. आपले ऑइल काळे व जळकट असेल आणि गाडी घसरतही असेल, तर ऑइल बदलून ती सुधारणार नाही, हे समजून निर्णय घ्यावा. तसे नसेल, तर बदलण्याला हरकत नाही. मशीनने दाब देऊन फ्लश करण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण वर्षानुवर्षे कोपऱ्यांत बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसण्याची भीती त्यात असते. पॅन उतरवून ऑइल काढावे, फिल्टर बदलावा, चुंबक पुसावे आणि जेवढे निघाले तेवढेच, मोजून, नवे घालावे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) बरेच ऑइल अडकून राहत असल्याने एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच बदलते. म्हणून काही शे किलोमीटर चालवून तेच काम आणखी एक-दोनदा करावे. जुन्या गिअरबॉक्सला ही सावकाश पद्धत मानवते.

ऑइल कोणते, याबाबत तडजोड नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल हे वंगण असतेच, पण प्लेटांनी किती पटकन आणि किती घट्ट पकडावे हेही त्यातली रसायने ठरवतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी त्यात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत. व्हेलला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले, आणि मधल्या काळात गिअरबॉक्सच्या तक्रारीही वाढल्या. डेक्स्रॉन, मर्कॉन, एटीएफ प्लस फोर, टी-फोर ही ऑइलच्या वेगवेगळ्या प्रमाणांची नावे एकमेकांच्या जागी वापरण्यासाठी नाहीत. मॅन्युअलमध्ये जे प्रमाण लिहिले आहे तेच घालावे. चुकीच्या ऑइलने निरोगी गिअरबॉक्सही आपटू लागतो किंवा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होताना थरथरतो.

प्रश्न : माझ्याकडे १९८० च्या दशकातली, गिअरबॉक्सला संगणक नसलेली गाडी आहे. काही दिवस गिअर उशिरा आणि जोराने पडतात, काही दिवस ठीक. येथे स्कॅनर कोठे लावणार?

उत्तर : कोठेच नाही, आणि त्यामुळे आपले काम सोपे आहे. आपल्या गिअरबॉक्सला इंजिनावर किती जोर आहे हे दोनपैकी एका मार्गाने कळते : कार्ब्युरेटर वा थ्रॉटलपासून आलेल्या केबलने, किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या मॉड्युलेटरने. केबल असेल तर ती आवरणात अडकते का, पाय सोडल्यावर पूर्ण परतते का, आणि तिची लांबी मॅन्युअलमधील खुणेवर आहे का, ते पाहावे. जास्त ताणलेली केबल गिअर उशिरा आणि कडक पाडते, ढिली केबल लवकर आणि घसरत. अडकणारी केबल आपल्या वर्णनाशी चांगली जुळते.

मॉड्युलेटर असेल, तर त्याची रबरी नळी काढून आत बोट घालावे. बोटाला लाल ऑइल लागले तर आतला पडदा फाटला आहे आणि इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढून जाळत आहे. एक्झॉस्टमधून पांढरट धूर आणि वारंवार घटणारी पातळी ही त्याची जोडलक्षणे. नळी कोरडी असेल तर ती पूर्ण लांबीभर वाकवून पाहावी. तडे वाकवल्यावरच दिसतात, आणि इंजिनाच्या हालचालीबरोबर उघडझाप करणारा एक तडा आपल्या “काही दिवस” या तक्रारीला पुरेसा आहे. व्हॅक्यूम गेला की गिअरबॉक्सची समजूत होते की चालकाने पाय पूर्ण दाबला आहे.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून गिअर झटक्याने पडू लागले आहेत. त्याआधी काहीच तक्रार नव्हती. यांचा संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. प्लेटा झिजत जातात तसा संगणक आपला हिशेब बदलत जातो, आणि अनेक गाड्यांत बॅटरी काढली की हा वर्षांचा हिशेब पुसला जातो. मग तो जुन्या प्लेटा नव्या आहेत असे धरून सुरुवात करतो. आठ-दहा दिवस शांतपणे, कधी हलक्या आणि कधी मध्यम पायाने, ऑइल पूर्ण तापेल इतकी गाडी चालवावी. काही गाड्यांत ही शिकवणी स्कॅनरवरून मुद्दाम घ्यावी लागते. झटके दिवसागणिक कमी होत असतील तर काही करू नये. दहा दिवसांनीही कमी झाले नाहीत किंवा अधूनमधून येऊ लागले, तर बॅटरी बसवताना अर्थिंगची तार परत जागेवर, रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर, घट्ट लावली गेली आहे का, ते आधी पाहावे.